न संपणाऱ्या गॅसचं बिल

"गॅस संपलाच नाय अजून, आन् बिल कसलं मागतो?" गोजराबाईंनी दारातूनच विचारलं.

गॅस कंपनीचा मनोज एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात नोटीस घेऊन उभा होता. "आजी, पाइपचा गॅस संपत नसतो. दर दोन महिन्यांनी बिल येतं, ते भरायचं असतं. तुमची दोन बिलं थकलीत. आज कनेक्शन बंद करायला पाठवलंय मला."

गोजराबाईंच्या डोक्यातला हिशोब वेगळा होता. आयुष्यभर त्यांनी सिलिंडर वापरला. नवा लावला की कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेनाने गोल करायचा, संपला की नंबर लावायचा, किशोर सिलिंडरवाला आला की डब्यातले पैसे त्याच्या हातावर ठेवायचे आणि पावती तारेला टोचायची. मखमलाबादच्या त्यांच्या गल्लीत पाइप आला तेव्हा शेजारणींचं बघून त्यांनीही घेतला, सिलिंडर परत केला. पहिल्या दिवशी रीतसर गोल केला आणि संपायची वाट बघत बसल्या. तो मेला संपेचना. चार महिने झाले तरी शेगडी फुरफुरतेय म्हटल्यावर बाई स्वतःवरच खूश होत्या, आपल्याइतकं जपून कुणी वापरत नाही म्हणून. फुलं विकून आले की गॅसच्या डब्यात पैसे टाकणं मात्र चालूच होतं.

"मला सांगितलं का कुणी?"

"मेसेज गेलेत ना. फॉर्मवर जो नंबर असेल त्यावर."

फॉर्म मुलाने, शेखरने भरला होता. नंबर कुठला दिला ते बाईंनी काही पाहिलं नव्हतं.

"एका मिनिटाचं काम आहे, आजी. मुलाला फोन लावा, तो ऑनलाइन भरेल."

"मुलाला नको," बाई इतक्या झटकन म्हणाल्या की मनोजने मान वर करून पाहिलं.

शेखर सिन्नरला कारखान्यात नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील, पुंजा, घरामागच्या शेवंतीच्या वाफ्यात पडले ते उठलेच नाहीत. बाई तेव्हा फुलबाजारात होत्या. घरी कुणीच नव्हतं. तेव्हापासून शेखरने एकच धोशा लावला होता, 'आई, एकटी राहू नको, सिन्नरला चल.' आणि बाईंचं एकच उत्तर होतं, 'माझं काय अडलंय इथं?' आता चूल बंद पडली तर त्या उत्तरातला जीवच जाणार होता. मग घराला कुलूप लागणार, पुंजांच्या हातची शेवंती वाळून जाणार. हे बिल आजच भरायला हवं होतं आणि शेखरला त्याचा पत्ता लागता कामा नये होता.

मनोजने पाना खिशात घातला. "पाच वाजता मी परत इकडेच येतोय. तेवढी पावती दाखवा म्हणजे झालं."

कंपनीचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दोन बस बदलून बाई पोचल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. रोख पैसे फक्त सोमवारी आणि गुरुवारी, तेही एकपर्यंत, असं दारावरच्या माणसाने सांगितलं.

"गुरुवारच हाय आज," बाई म्हणाल्या आणि रांगेत घुसल्या.

पुढच्या मुलीला त्यांची दया आली. "आजी, मला द्या पैसे, मी माझ्या फोनवरून भरते."

"लय चांगली हायेस बाई. पन मला माझ्या नावाची पावती पायजे. शिक्क्याची."

खिडकीत छाया नावाची बाई बसली होती. गोजराबाईंनी डबाच तिच्यासमोर उपडा केला. छायाने नोटा मोजल्या, पावती काढली, शिक्का मारला. मग स्क्रीनकडे बघत म्हणाली, "इतके दिवस कशाला थांबलात, आजी? चार मेसेज गेलेत. गेल्या महिन्यात फोनही केला होता आम्ही. इथे लिहिलंय बघा, मुलाशी बोलणं झालं, आईला सांगतो म्हणाले."

बाईंना आधी कळेचना. "नंबर वाच बरं तो."

छाया वाचू लागली आणि चौथ्या आकड्यापासून बाईही तिच्याबरोबर पुटपुटू लागल्या. सगळ्या जगात त्यांना पाठ असलेला तो एकच नंबर होता.

महिनाभर रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन येत होता. जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं विचारून झालं, एवढं सोडून. मनात आणलं असतं तर एका मिनिटात भरलं असतं त्याने. भरलं नाही, सांगितलंही नाही. आईची चूल विझायची वाट बघत बसला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मग वडील गेल्याचा फोन मिळताच सिन्नरहून धावत आलेला शेखर आठवला. पुन्हा तसा फोन यायला नको, एवढीच त्याची भीती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे पोटभर शिव्याही देता येईनात. नुसतंच वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"आजी, मागे रांग आहे."

"तो नंबर काढ," बाईंनी बटणांचा फोन पुढे केला. पाठीवर नंबराची चिठ्ठी चिकटवलेली होती. "ह्यो टाक."

"मेसेज इंग्रजीत येतो. वाचता येईल?"

"नाय आलं तर नाय आलं. पुढचं बिल कधी ते सांग. कॅलेंडरवर गोल करते आन् गुरुवार बघून येते."

छायाने तारीख पावतीच्या मागे मोठ्या आकड्यांत लिहून दिली.

पाच वाजता मनोजने पावती पाहिली, दोन बशा चहा प्यायला आणि गेला. बाईंनी पावती तारेला टोचली. खालच्या पावत्यांवर पुंजांचं नाव होतं.

सातला फोन वाजला तेव्हा तव्यावर भाकरी होती.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी हाय."

"आणि... गॅस वगैरे चालू आहे ना?"

आजवर त्याने गॅसचं कधी विचारलं नव्हतं. बाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं.

"चालू हाय की. भाकरी टाकली आत्ताच. का रे?"

"काही नाही. सहज विचारलं."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, रविवारी येऊ का?"

"ये. शेवंती खुडायची हाय, तेवढीच मदत."

फोन ठेवून वळतात तो भाकरी एका अंगाने करपली होती. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. बाईंनी ती स्वतःच्या ताटात काढून ठेवली, गॅस बारीक केला आणि दुसरी थापायला घेतली.