अकरा बाकी होते

तुम्ही एका माणसाला लबाड ठरवलंत, तेही खुर्चीतून न उठता. शर्यतीच्या निकालाच्या यादीतून भिकन वाघ हे नाव काढलंत आणि त्याच्या मोबाइलवर दोन ओळी पाठवल्यात. वेळ मोजणारी चिप दुसऱ्याने नेल्याचा संशय, सहभाग रद्द. त्या रविवारी काय झालं हे ऐकायला तुम्हाला वेळ नव्हता, म्हणून इथे चारचौघांत सांगतो.

भिकन सत्तेचाळीस वर्षांचा. सुरतेत उधन्यातल्या कापड कारखान्यात बावीस वर्षं आठ माग सांभाळतो. तीन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा हा म्हणाला, "बारा तास मागांच्या मधून चालतोच की, साहेब. दुसरं काहीतरी सांगा." म्हणून तो धावायला लागला. धावता धावता बेचाळीस किलोमीटरचं वेड लागलं. का, ते त्याला सांगता येत नाही. कारखान्यात त्याला कुणी 'काका' म्हणतं, कुणी 'आठ नंबर'. तुमच्या हाफ मॅरेथॉनच्या बिबवर, छातीवर लावायच्या नंबराच्या कागदावर, त्याचं नाव पहिल्यांदा ठळक छापून आलं, तेव्हा त्याने ते दोन दिवस देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं.

शाळेतले व्यायामाचे मास्तर योगेंद्र यांनी त्याला सोळा आठवड्यांचा सराव साडीच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला होता. त्या रविवारच्या रकान्यात होतं : ३२, सावकाश.

"भिकनभाऊ, हाफला स्पर्धा समजू नका," मास्तर म्हणाले. "रस्ता बंद असतो, पाणी हातात देतात. एकवीस तिथे उरकायचे आणि न थांबता उरलेले अकरा करत घरी यायचं. सर्टिफिकेट मिळालं की फुल मॅरेथॉनचा फॉर्म भरता येईल."

भिकनने तसंच केलं. सहाला सुटला, आठ वाजून अकरा मिनिटांनी त्याने रेषा ओलांडली. आजूबाजूला लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, फोटो काढत होते. एक मुलगी मेडल घेऊन पुढे आली. त्याने तिला हात जोडले आणि कठड्याच्या फटीतून बाहेर पडून डिंडोलीतल्या घराच्या दिशेने निघाला. मागावर बसलेली सवय आहे ती. भोंगा वाजला म्हणून भिकन माग सोडत नाही, बदलीचा कामगार आला की सोडतो. इथे त्याची बदली कोण येणार?

घरी त्याची बायको प्रमिलाबाई दारातच बसली होती. त्याला रिकाम्या हाती आलेलं पाहून तिने अहिराणीत विचारलं,

"एकवीस किलोमीटर पयनात आन हात हालावत उनात? मेडल कोठे शे?"

"बत्तीस पयनू," तो भिंतीला टेकत म्हणाला. "थांबतू ते पाय आखडी जातात."

"शेजारनी जयश्रीले मी काय दखाडू मंग? तुमना पाय?"

दोघंही हसली. मंगळवारी तुमचा मेसेज आला.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो तुमच्या ऑफिसात आला. टेबलामागच्या माणसाने एक व्हिडिओ लावला. कुणीतरी मोटरसायकलवरून काढलेला. उधन्याचा पूल, छातीवर बिब, भिकन धावतोय.

"काका, आठ ग्यारह को फिनिश. और पौने नौ बजे उधना में दौड़ रहे हो. इसमें आप कौन?"

"दोनों मैं ही."

"हाफ पूरा करके कोई आगे दौड़ता है क्या?"

"ग्यारह बाकी था, साहेब."

भिकनने पिशवीतून पुठ्ठा काढून पुढे केला. त्या माणसाने तो उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला छापलेल्या चित्रात साडी नेसलेली बाई हसत होती.

"आ शुं छे? साडी का डिब्बा?" शेजारच्या टेबलावरही हसू पसरलं.

भिकनने पुठ्ठा परत घेतला, कोपरा दुमडला होता तो बोटाने सरळ केला. मग शांतपणे म्हणाला, "रविवार को फिर दौड़ता हूँ. आप स्कूटर लेकर पीछे आओ. पूरा बत्तीस."

"काका, टाइम किसके पास है?"

फुल मॅरेथॉनचा फॉर्म भरायची मुदत शनिवारी होती. शनिवार गेला.

रविवारी पुठ्ठ्यावर ३५ लिहिलेलं होतं. मास्तरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "आता कशाला? पुढच्या वर्षी बघू." पहाटे प्रमिलाबाईने तोच टीशर्ट धुऊन, घडी करून त्याच्या हातात दिला. बिबच्या पिनांनी पडलेली चार भोकं छातीवर तशीच होती. त्याने टीशर्ट अंगात घातला, बूट बांधले आणि निघाला. पुलावर कुणी व्हिडिओ काढला नाही. पस्तीस पूर्ण करून आला, पायरीवर बसला आणि पुठ्ठ्यावर त्या रकान्यात पेनाने बरोबरची खूण केली. पुढचे रकाने अजून भरायचे होते.

तुमचं एक म्हणणं मान्य करू. भिकनची चिप दुसऱ्याने नेली. दोन तास अकरा मिनिटं कुणीतरी तुमच्या रस्त्यावरून धावला, तुमच्या पोरांच्या हातचं पाणी प्यायला, तुमच्या कॅमेऱ्यांसमोरून गेला. मग तो माणूस कोण होता?

त्याचं नाव सांगा.