माझे मागचे पाय वाकडे नाहीत

मी एक म्हातारी गाडी बोलतेय. कासवासारखी गोल, इंजिन पुढे नाही तर मागे, आणि तेही पाण्यावर नाही, हवेवर थंड होणारं. ओळख एवढी पुरे. मला बोलायचंय ते माझ्या मागच्या पायांबद्दल, कारण त्यांच्याविषयी ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

"अरे, हिची मागची चाकं वाकडी आहेत!" कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीत हे वाक्य न म्हटलेला माणूस शोधून सापडायचा नाही. दूधवाला म्हणतो, कुरियरवाला म्हणतो, शेजारच्या सोसायटीचा वॉचमन तर रोज नव्याने म्हणतो. एक शहाणा पाण्याची बाटली घेऊन माझा रेडिएटर शोधत होता. तो सापडेना, तेव्हा चोरीला गेलाय असं त्याने जाहीर करून टाकलं. जो रेडिएटर मला जन्मातच नव्हता, त्याच्या चोरीबद्दल गल्लीत दोन दिवस हळहळ चालली होती. अशा लोकांपुढे मी हात टेकलेत.

एकदाच सांगते, नीट ऐका. माझ्या मागच्या चाकांना आत गिअरबॉक्सपाशी सांधा आहे, चाकापाशी नाही. म्हणजे खांदा आहे, मनगट नाही. त्यामुळे सगळा दांडा हलतो आणि चाकही त्याच्याबरोबर कलतं. पाठीवर ओझं नसलं की चाकं खालून आत ओढली जातात, ओझं चढलं की फाकतात. जॅकवर चढवलं तर लाजऱ्या मुलीसारखी पाय जवळ घेऊन लोंबकळते. यात वाकडं काय आहे? घडणच तशी आहे.

आता दुखणं वेगळंच आहे. मी ज्या वर्षी जन्मले, त्याच वर्षी अमेरिकेला जाणाऱ्या माझ्या बहिणींना चाकापाशीही सांधा मिळाला. त्यांची चाकं सरळ उभी राहतात. आम्ही बाकीच्या जगाला निघालेल्या, आम्हा बहुतेकींना जुनेच पाय. एकीला पैठणी, दुसरीला सुती साडी. पण सुती नेसलेली बाई काही उघडी नसते हो!

बोटीतून मी मुंबईत उतरले ती एका जहाज कंपनीच्या साहेबाबरोबर. त्याने मला नंदकिशोर शेठना विकलं. शेठ कांदा-बटाट्याचे व्यापारी. मुंबईतला बाजार वाशीला आला तेव्हा मीही आले. शेठ होते तोवर ठीक होतं. पुढे त्यांचे डोळे अधू झाले, मी गाळ्याच्या कोपऱ्यात गेले आणि माझ्या टपावर रिकाम्या गोण्यांची थप्पी लागली. गाळा बंद करताना शेठ त्यांच्या माथाडी टोळीच्या मुकादमाला म्हणाले, "सयाजी, घेऊन जा हिला. भंगारात नको घालू."

सयाजी साताऱ्याकडचे. आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिलेला माणूस. त्यांनी टोळीला हाक दिली आणि सगळ्यांनी मिळून मला ढकलत माथाडी वसाहतीतल्या त्यांच्या दारात आणून उभं केलं. त्यांच्या पत्नीने, बाळाबाईंनी, माझ्या बॉनेटवर कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आवं, हिचं मागलं पाय असं का?" म्हणजे इथेही तेच.

त्यांचा मुलगा यशराज ऐरोलीत कॉम्प्युटरवर काम करतो. मला पुन्हा चालतं केलं ते त्यानेच, हे मी नाकारत नाही. रबाळ्याच्या किसनच्या गॅरेजमध्ये नेऊन त्याने माझं इंजिन खोललं, ब्रेक बदलले, रंग दिला. मग त्याला रात्रंदिवस इंटरनेटवर वाचायचा नाद लागला. वाचायचं ते सगळं अमेरिकन लोकांनी लिहिलेलं. त्यांनी लिहिलंय की या वर्षीच्या गाडीला मागे चार सांधे असतात. यशराजने माझ्याखाली वाकून मोजले, तर दोन.

"आबा, शेठनी आपल्याला फसवलं," तो सयाजींना म्हणाला. "ओरिजिनल एक्सल काढून जुना बसवलाय कुणीतरी."

शेठनी! ज्या माणसाने वायपरचं रबर उभ्या आयुष्यात बदललं नाही, तो माझे पाय बदलणार! अमेरिकेच्या गाडीचं वर्णन वाचून मला खोटी ठरवणारा हा पहिलाच. पण लिहिलेलं खरं आणि समोर उभी आहे ती खोटी, असा त्याचा न्याय.

या घरात मला खरं ओळखलं ते सूनबाईंनी. राजलक्ष्मी नेरुळला एका लॅबमध्ये काम करते. शिकली ती माझ्यावरच. माझं स्टिअरिंग हातात घेतलं की ती बोलणं बंद करते आणि ऐकते. वळण आलं की ती आधीच वेग कमी करते आणि वळणात अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवते, पण उचलत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी जे सांगत होते ते तिला तळव्यातून कळत होतं. ज्या सकाळी ती पहिल्यांदा एकटी कामाला निघाली, त्या सकाळी सिग्नलला ती स्वतःशीच हसली. मला फार बरं वाटलं.

मग तो रविवार आला. करावे गावात ताजी मासळी घ्यायला दोघंच निघाले. ती चालवत होती, यशराज शेजारी. पाम बीच रोडवरून वळण घेताना मी मजेत होते. चाकं रस्ता धरून होती. एवढ्यात याचं लक्ष काट्याकडे गेलं.

"अगं, स्पीड बघ! पाय काढ! पाय काढ, पाय काढ!"

तिने दचकून पाय काढला.

भर वळणात असा एकदम पाय काढला की माझी पाठ वर उचलली जाते आणि बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं. माझ्या जातीचा तो एकच मोठा दोष आहे, आणि तो मी लपवत नाही. मी गर्रकन फिरले, तोंड उलटीकडे झालं आणि एक चाक दुभाजकावर चढलं. मी उलटले नाही ते नशीब. मासळीची टोपली घेऊन चाललेली एक बाई धावत आली. "बाय, लागला काय गो तुला? कोनाला लागला नाय ना?" तेवढं एक माणूस माणसासारखं बोललं. स्कूटरवरचा एक जण न थांबताच ओरडून गेला, "लेडीज ड्रायव्हर!"

त्या दिवसापासून माझी किल्ली यशराजच्या खिशात गेली. राजलक्ष्मी पुन्हा बस बदलत नेरुळला जाऊ लागली. घरात कुणी तिला रागावलं नाही, हे जास्त वाईट होतं. "तिचा दोष नाही, गाडीचेच पाय चुकीचे आहेत," असं यशराज सगळ्यांना समजावून सांगायचा. नाचता येईना अंगण वाकडं, पण इथे नाचणारीला येत होतं हो, ओरडणाऱ्याला गप्प बसता येत नव्हतं!

यशराजने मागवलेलं खोकं अमेरिकेहून आलं. त्यात माझ्या बहिणींचे पाय. किसनने ते माझ्याखाली धरून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "साहेब, हे असं बसनार नाय. खालचा पत्रा कापावा लागेल, हे अडकवायला नवीन कान वेल्ड करावे लागतील. तेवढं टेन्शन कशाला घेता?" यशराजने ते टेन्शन घेतलं. सोमवारचा दिवस ठरला. माझ्या पोटावर खडूच्या रेघा मारल्या गेल्या.

आदल्या दिवशी दारातच यशराज मला धूत होता. राजलक्ष्मी पायरीवर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही ओरडलात म्हणून मी पाय काढला. नाहीतर गेली असती नीट."

"अगं, मी सावध करत होतो!"

"मला माहीत आहे. पण गाडी मी चालवत होते."

सयाजींनी मुलाची बाजू घेतली. "सांगायला नको व्हय? शेजारी बसून गप बसायचं का?"

तेव्हा आत तांदूळ निवडत बसलेल्या बाळाबाई बोलल्या, आणि मला वाटतं त्या घरात त्या फार कमी बोलतात. "मी डबा घेऊन बाजारात यायची, तवा तुमी ट्रकाला लावलेल्या फळीवर असायचा. पाठीवर गोनी, पायाखाली हलती फळी. मी कवा हाक मारली? डबा गार हुईस्तोवर हुभी राहायची. टोळीतलं समदं गडी गप राहायचं. फळीवरच्या मानसाला हाक मारायची न्हाई, ह्यो तुमचाच नेम हुता न्हवं?"

सयाजी खाली बघू लागले. यशराज बादलीतलं फडकं पिळत राहिला, कितीतरी वेळ, एकही थेंब उरला नव्हता तरी. मग त्याने ओले हात पँटला पुसले, खिशातून किल्ली काढली आणि तिच्या शेजारी पायरीवर ठेवली.

ती लगेच उठली. "चला. शेजारी बसा."

तेच वळण, तोच वेग. यशराजने एका हाताने दाराचं हँडल धरलं होतं आणि दुसरा हात चक्क स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. मला त्याची दयाही आली. राजलक्ष्मीने वळणाआधी वेग कमी केला, पाय टेकलेला ठेवला, आणि मी ज्या पायांनी जन्मले त्याच पायांवर ते वळण पार करून सरळ झाले. ती जोरात रडली, आणि गाडी चालवत राहिली.

आज मी दारातच उभी आहे. खोकं जिन्याखाली पडून आहे आणि त्यावर बाळाबाई वाळवण ठेवतात. माझ्या मागच्या चाकांकडे बघून वॉचमन अजून चुकचुकतो. चुकचुकू दे. तुम्हाला मात्र माझी एक विनंती आहे. कुणाचे पाय कुठल्या मुलखाचे आहेत ते मोजायला हवं तेवढं वाका, पण वळणात असलेल्याला ओरडू नका.

त्या ठरलेल्या सोमवारी सकाळीच किसनचा फोन आला होता. मी ऐकत होते.

"साहेब, कटर तयार हाय. गाडी आनता ना?"

यशराजने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत डबा भरणाऱ्या बायकोकडे.

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "गाडी तिची आहे. तिला विचार."