थोरलीची हाक

"हात सैल सोडा, आजी. मूठ आवळू नका."

"सैलच आहे की," धाकटी म्हणाली आणि मूठ आणखी घट्ट आवळली.

सिस्टरने दंडावरचा पट्टा फुगवला, काट्याकडे पाहिलं आणि हवा सोडली. धाकटीला तिचा चेहरा दिसत नव्हता. समोर नुसतं पांढरं धुकं हलत होतं. पण फुस्सकन हवा गेली तरी कोणी काही बोललं नाही, यावरून तिला काय ते कळलं.

"वाढलेलंच आहे ना?"

"सकाळपेक्षा कमी झालंय, पण अजून बरंच आहे. गोळी दिलीय, आता डोळे मिटून शांत बसा. ब्लडप्रेशर उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत."

"शांत बसायला आलेय का मी इथं? डोळा करायला आलेय."

बाकावर शेजारी बसलेली थोरली हसली. "सिस्टर, हिला गोळी नको, पायात दोरी बांधा. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून मी हिला बसलेली पाहिली नाही."

"आता तर उभी असलेलीही दिसत नाही तुम्हाला, अक्का," धाकटी म्हणाली, आणि आजूबाजूची माणसंही हसली.

दोघी सख्ख्या जावा. नवरे एकामागोमाग एक गेले, आणि मागे राहिलं ते इस्त्रीचं दुकान आणि त्याच्या पाठीमागची खोली. धाकटी दिवसभर उभी राहून इस्त्री करायची. थोरली दारात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, कपडे मोजून घ्यायची, ज्याचे त्याला द्यायची. दोघींचं पटत होतं असं कोणी म्हटलं नसतं. भांडण रोज वेळेवर व्हायचं, पण जेवणाच्या आधी संपायचं.

मग दोघींच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. थोरली एकाच्या पँटी दुसऱ्याला देऊ लागली, तेव्हा गिऱ्हाइकांनी हसून आपापसात बदलून घेतल्या. पण एकदा धाकटीने गरम इस्त्री बाजूला म्हणून ठेवली ती एका नवरदेवाच्या कोटावर. ती कुठे टेकलीय हे तिला जळका वास आल्यावर कळलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्यानंतर दुकानाचं दार उघडलं नाही.

शेजारीपाजारी जेवण आणून देत. थोरली ते मुकाट्याने खायची, देणाऱ्याला भरभरून आशीर्वाद द्यायची. धाकटीच्या घशाखाली मात्र आयता घास उतरत नसे. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती फेऱ्या मारायची, येताना खाटेला ठेचकाळायची, जाताना पुन्हा ठेचकाळायची. "अगं, खाट तरी जागची हलत नाही, तू तरी शिक," थोरली म्हणायची.

अशात हे शिबिर आलं. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने देणगी दिली होती. डॉक्टर, यंत्रं, डोळ्यात बसवायची भिंगं, सगळं त्या देणगीतून. आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सामान गाडीत चढणार आणि डॉक्टर मंडळी पुढच्या गावी जाणार; पट्ट्या काढायला सिस्टर तेवढी सकाळपर्यंत थांबणार. पुन्हा कधी येणार, असं धाकटीने विचारलं होतं. "देणगी आली की," असं उत्तर मिळालं होतं.

थोरलीला आत नेलं, तेव्हा ती जाता जाता म्हणाली, "नीट बस गं बाई. माझ्यामागून तूच आहेस."

धाकटी बसली. हात मांडीवर ठेवले. मांडीवरून बाकावर ठेवले. बाकाची फळी कुठे सैल आहे ते चाचपलं. अक्काला साखर नाही ना, हे कुणी विचारलं का? विचारलं असेल. जिन्यावरून पडली होती ती, तिला पाठीवर फार वेळ झोपवत नाही, हे कुणाला माहीत? ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"आजी!" सिस्टर लांबून ओरडली.

"बसलेच आहे."

सिस्टर जवळ आली. थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली असावी. मग तिने धुऊन आलेल्या चादरींचं गाठोडं धाकटीच्या मांडीवर टाकलं. "घड्या घालता येतील?"

धाकटीने लगेच एक चादर ओढली. तिचे कोपरे शोधले, कोपऱ्याला कोपरा लावला, तळव्याने सुरकुती मोडली. एक घडी झाली, दुसरी झाली. कापड स्वच्छ होतं, पण घाईने वाळवलेलं. काठ आखडले होते. ते तिने ओढून सारखे केले. बाजूच्या म्हाताऱ्याने तिला काहीतरी विचारलं, तेही तिला ऐकू आलं नाही. गाठोडं संपत आलं, तेव्हा सिस्टरने न बोलता तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"अरे वा! उतरलं की."

"किती?"

"चालेल इतकं. तुमच्या अक्का बाहेर आल्या की तुमचाच नंबर."

मग सगळं भराभर झालं. डोळ्यात थेंब पडले. केसांवर टोपी चढली. सिस्टरने तिला हाताला धरून शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या खुर्चीत आणून बसवलं. धाकटीला नव्या नवरीसारखं हसू येत होतं. उद्या पट्टी निघाली की आधी दुकान झाडायचं. कोळसा कुणाकडून आणायचा, तेही तिने ठरवून टाकलं.

आणि आतून हाक आली.

"धाकटे!"

धाकटी ताडकन उभी राहिली.

"धाकटे, अगं, हे तोंडावर काय टाकलंय! धाकटे!"

एवढ्या वर्षांत थोरलीचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. दीर गेले तेव्हाही नाही. ती आवाजाच्या दिशेने निघाली, ट्रॉलीवर आपटली, काहीतरी धातूचं खणखणत खाली पडलं. "आले अक्का, आले!" सिस्टरने तिला मागून कमरेला धरलं. आत डॉक्टरीणबाई समजावत होती, "आजी, हलू नका, नुसतं कापड आहे, झालंच आता." पुन्हा एक हाक आली, अर्धवट. मग आत एकदम शांत झालं. ती शांतता त्या हाकेपेक्षा वाईट होती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. थोरली पट्टी बांधून बाहेर आली ती बोलतच.

"काही म्हणजे काही कळलं नाही बघ! मुंगी चावल्याएवढंसुद्धा नाही. मी तर मजेत पडले होते. जा, घाबरू नकोस."

"बरं झालं, अक्का," धाकटी म्हणाली.

थोरलीला पलीकडच्या खोलीत खाटेवर झोपवून सिस्टरने पुन्हा धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला. हवा सोडली. पुन्हा फुगवला. मग दुसऱ्या हाताला बांधून पाहिला.

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आली. आवाजावरून फारच तरुण वाटत होती. तिने धाकटीला आणखी एक गोळी दिली, तिच्या मागच्या लोकांना आधी आत घेतलं. धाकटीने डोळे मिटले. देवाचं नाव घेतलं. चादरी मागितल्या, पण चादरी संपल्या होत्या. शेवटचा माणूस बाहेर आला, तरी काटा खाली यायला तयार नव्हता.

"तुमचा डोळा करायची माझी फार इच्छा आहे, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण मी डोळा उघडला आणि आत रक्तस्राव झाला, तर आहे तो उजेडही जाईल."

"आहे तो कितीसा आहे? जाऊ दे गेला तर."

"असं नाही करता येत मला."

पलीकडे पेट्यांची झाकणं लागायला सुरुवात झाली होती. खट्, खट्. प्रत्येक खट् आवाजाला धाकटीची मान तिकडे वळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीची पट्टी निघाली. संस्थेचा फोटोवाला समोर उभा होता. थोरलीने डोळा किलकिला केला, मिटला, पुन्हा उघडला. "अगं बाई, भिंतीला हिरवा रंग आहे," ती म्हणाली. फोटोवाल्याने "हसा, आजी" म्हटलं, तशी ती तोंडभर हसली. मग तिची मान शेजारी वळली. धाकटीच्या डोळ्यावर पट्टी नव्हती.

"तुझी आधीच काढली?"

"बांधलीच नव्हती."

"म्हणजे? मला तर रात्री म्हणालीस, झालं म्हणून!"

"तुम्हाला झोप लागावी म्हणून म्हटलं. प्रेशर उतरलं नाही माझं."

थोरलीच्या तोंडाचा पट्टा सुटला. "उतरेल कसं? जन्मात कधी घटकाभर गप्प बसलीस? एवढे चांगले डॉक्टर, परदेशातून आलेली भिंगं, आणि तुला एक दिवस ढुंगण टेकवता आलं नाही? माझ्याकडे बघ, कशी पडून राहिले!"

सिस्टर पट्टीचे तुकडे गोळा करत होती. तिचे हात थांबले. "आजी, तसं नाही, यांचं प्रेशर उतरलं होतं. तुम्ही आतून जेव्हा..."

धाकटीने चाचपडत सिस्टरचं मनगट पकडलं आणि गच्च दाबलं.

"अक्का म्हणतात तेच खरं," ती म्हणाली. "माझा स्वभावच मेला तसा. बसवलंच नाही मला."

सिस्टरने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून ती पुढच्या खाटेकडे गेली.

निघताना थोरलीने पिशवी खांद्याला अडकवली आणि धाकटीचा हात आपल्या हातात घेतला. दारापर्यंत तिची बडबड चालूच होती. पुढच्या वेळी मी स्वतः तुला बांधून बसवते, बघ. धाकटी हूं हूं करत होती. बाहेर ऊन होतं. ते तिला गालावर कळलं.

"थांब. पायरी आहे," थोरली म्हणाली.

धाकटी थांबली. मग तिने पाऊल टाकलं.

"आणखी एक आहे. हळू."

"हो, अक्का," धाकटी म्हणाली आणि थोरली खाली उतरेपर्यंत त्याच पायरीवर न हलता उभी राहिली.