रेषेबाहेरचं कडं

"लोकांचे नुसते ग्रह फिरतात, आमच्या सुनेनं नवा शोधलाय!" सासूबाईंनी शेजारपाजारी सांगून टाकलं होतं.

सून तारे अभ्यासणारी संशोधक. ग्रह पाहिला होता कुणी? तिच्यापाशी होती ती एक काळी फट. एका कोवळ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या धुळीच्या चकतीत पडलेली. जन्मणारा ग्रह वाटेतली धूळ गिळतो, म्हणून फट पडते, असा कयास. रेडिओ दुर्बिणीवर पुन्हा वेळ मागायचा अर्ज आज संध्याकाळपर्यंत जायला हवा होता, आणि त्याची सगळी भिस्त त्या फटीवर.

"फट खरी कशावरून, बाई?" शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्यानं विचारलं. त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि तोही ओ देई.

"झालं सुरू!"

"लक्ष्मणरेषा कुठवर आखलीत?"

दुर्बिणीच्या तबकड्यांनी टिपलेलं चित्र आधी खरकट्या ताटासारखं दिसतं. संगणक ते घासतो. पण चकतीचा उजेड कुठवर धरायचा, ती रेषा हातानं आखावी लागते. रेषेबाहेरचं सगळं कचरा.

तिनं जुनी फाईल उघडली. मग हळूच म्हणाली, "मागच्या ताऱ्याची तशीच उचलली."

"म्हणजे थोरल्याला धाकट्याचा सदरा! उसवणारच की."

तिनं रेषा ऐसपैस आखली. नवं चित्र आलं. फट गायब. पुसून काढल्यासारखी.

"मेले मी," ती म्हणाली. जुनं चित्र अजून अर्जात होतं, देखणं, नीटनेटकं. तेच पाठवलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. शंकासुर उगाच खिडकीबाहेर बघत राहिला. तिनं एक सुस्कारा टाकला आणि ते चित्र अर्जातून काढून टाकलं.

आता लावायचं काय? ती नव्या चित्रात डोकं घालून बसली, आणि तिचा हात थबकला. जुन्या रेषेच्या पार बाहेर, आजवर कचऱ्यात गेलेल्या जागी, एक फिकट कडं होतं.

"इकडे या. आणि काही बोलू नका."

खात्रीसाठी निरीक्षणांचे दोन भाग करून त्यांनी दोन वेगळी चित्रं काढली. दोन्हींत कडं, त्याच जागी. आतली चकती आणि ते कडं यांच्यामध्ये मोकळी, काळीशार, रुंद वाट.

शंकासुरानं हनुवटी खाजवली. "मला एक शंका आहे."

"बोला. आता काय राहिलंय?"

"एवढी रुंद वाट एकट्या ग्रहानं मोकळी केली असेल? मला तर दोन वाटतात."

तिनं अर्ज पुन्हा उघडला. मग तिनं खुर्ची सरकवून त्याला जागा करून दिली.

"बसा. ही शंका अर्जात घालू."