जास्तीचं हसू

ताईंनी चष्मा लावला, वही उघडली आणि डॉक्टरबाईंना वाचून दाखवायला सुरुवात केली.

“सोमवार. अंडी उकडताना गाणं म्हटलं. मंगळवार. शेजारच्या कुत्र्याला ‘अहो, जरा सरकता का?’ म्हणाली. बुधवार. एकटीच हसली. दोनदा.”

बाजूच्या खुर्चीत त्यांची धाकटी बहीण बसली होती. वय अठ्ठेचाळीस, काम पुस्तकं बांधण्याचं; बोटांना कायम खळीचा वास. अकरा वर्षांपूर्वी असाच आनंद तिला चढत गेला होता. पाच रात्री ती झोपली नाही, सहाव्या दिवशी घरातली भांडी रस्त्यावर वाटून आली आणि मग दोन महिने वॉर्डात होती. तेव्हापासून गोळ्या तिच्या आणि वही ताईंची. धाकटी गप्पगप्प असली की ताई निर्धास्त असत. ती हसली की त्या वही उघडत.

“गोळी वाढवायला हवी ना?” ताईंनी विचारलं. “मागच्या वेळीही मी आधीच सांगितलं होतं.”

ते खरं होतं. तेव्हा डॉक्टरबाईंनी ते मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी पेन उचललं, पण टोपण काढलं नाही.

“झोप कशी आहे?” त्यांनी धाकटीला विचारलं.

“आठ तास. घोरते म्हणे.”

“घोरते,” ताईंनी कबूल केलं.

“आणि कुत्र्याला अहो?”

“सोळा वर्षांचा आहे तो. कुत्र्यांत म्हणजे आजोबाच की. अरे-तुरे कसं करायचं?”

ताईंनी वही तोंडापुढे धरली. पण खांदे हलायला लागले, आणि वहीमागून एक चमत्कारिक आवाज आला. डॉक्टरबाई टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिल्या.

“गोळी वाढवली तर हे हसू कमी होईल,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “पण ते कशाचं आहे, हे न विचारताच कमी करणं मला बरं वाटत नाही. तुम्हाला एवढा आनंद कशाचा झालाय?”

धाकटीने ताईंकडे पाहिलं. “सांगितलं की वहीत जाईल.”

ताईंनी वही मिटून पिशवीत टाकली.

“मी खोली घेतलीय,” धाकटी म्हणाली. “एकटीसाठी. आमच्या बाइंडिंगच्या दुकानाच्या वर.”

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. अकरा वर्षं त्या आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपत होत्या.

“गोळ्या कोण देणार?”

“मीच घेते की गं. तू नुसती बघत असतेस.”

डॉक्टरबाईंनी आहे तेवढंच औषध लिहिलं आणि कागद धाकटीच्या हातात दिला. “महिन्याने या. हसणं वाढलं तर वाढू दे. झोप कमी झाली तर मात्र त्याच दिवशी या. वाट बघायची नाही. मीही बघणार नाही.”

जिना उतरताना ताई पुढे होत्या. मधल्या वळणावर कठडा धरून थांबल्या.

“खिडकी आहे का?”

“दोन आहेत.”

“मग पडदे लागतील,” ताई म्हणाल्या आणि पुन्हा उतरू लागल्या. “दुकानं उघडी असतील अजून. मोठमोठ्या फुलांचे नकोत मात्र. डोळ्यांवर येतात.”

“मोठमोठ्या फुलांचेच घेणार,” धाकटी म्हणाली.