पार्बताबाईच्या नावचा कागद

"पार्बताबाई किसनराव!"

आतून नर्सनं नाव पुकारलं आणि शाळेच्या ओट्यावरून जी बाई उठली, ती पार्बताबाई नव्हती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि यादीवर उगाच रेघा ओढत बसले. खरी पार्बताबाई त्या वेळी आपल्या घरी तूर पाखडत असणार, हे मला ठाऊक होतं. सकाळीच तिनं मला दारातून वाटेला लावलं होतं.

मी शकुन, या गावची आशा सेविका. शेंदूरजनाघाटाहून अर्ध्या तासाच्या वाटेवर आमचं गाव, चहूकडे संत्र्याचे बगीचे. दिवाळीनंतर अमरावतीहून एका संस्थेचं पथक आलं होतं, बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तपासायला. चाळीस बाया भरल्या तरच पुढच्या वर्षी गाडी येईल, असं त्यांनी आधीच बजावलेलं. आमच्या गावात हळदीकुंकवाला चाळीस काय, चारशे येतील. पण या तपासणीचं नाव काढलं की प्रत्येकीच्या घरी नेमके पाहुणे.

"डाक्टर बाईच हाय, काकू," मी पार्बताबाईला सांगितलं.

"बाई असो का बुवा. आमच्या घरच्या बाया असं टेबलावर निजत नसतात. तुले आकडाच पाह्यजे ना? लिहून टाक माह्यं नाव. अन् मले बलावू नको."

हातापाया पडून मी एकोणचाळीस जमवल्या. गाडी अडली ती एकीवर.

आणि ती एक सकाळपासून शाळेच्या फाटकाशी उभी होती. महादेवरावांच्या बगीच्यात संत्र्याच्या तोड्यासाठी मेळघाटातून कोरकू बाया आल्या होत्या, त्यातली. भिंतीला हात टेकून उभी, ओठ पांढरेफटक. "बाई, मेरे को भी देखेगी क्या डाक्टरीन? खून जाता है. चार महिना हुआ."

"तुमचं नाव यादीत नाही," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. या बाया कुठल्याच यादीत नसतात. घर डोंगरात, पोट आमच्याकडे. आमची यादी त्यांना धरत नाही आणि तिकडची यादी होते तेव्हा त्या इकडे असतात. ती भांडली नाही, तिथंच खाली बसली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी दोन वाजता पथकवाले आवरायला लागले आणि माझ्या डोक्यात ते शिरलं. एकीला तपासून घ्यायचं नाही, दुसरीला घ्यायचंय. घाला मेळ. मी तिला बाजूला नेलं. ती आपलं नाव सांगायला तोंड उघडत होती, पण मला घाई होती.

"ते राहू द्या. आज तुमचं नाव पार्बताबाई. पार्बताबाई किसनराव. कोणी विचारलं तर हेच सांगायचं."

शाळेतल्या पोरीसारखं तिनं ते तीनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, "मेरा कागज आएगा ना?"

"येईल. मी स्वतः आणून देईन."

नर्सनं तिला सगळं विचारून अर्ज भरला, तिनं अंगठा दिला. चाळीस भरल्या. जाताना पथकवाल्यांनी माझी पाठ थोपटली, आणि मी थोपटून घेतली.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. एकोणचाळीस कागद चांगले. एकावर लाल शिक्का. पार्बताबाई किसनराव, वय बावन्न, तातडीनं अमरावतीला पाठवावे.

मी चपला हातात घेऊन बगीच्याकडे पळाले. तोडा कधीच संपला होता. झाडं मोकळी, चुलीची दगडं काळी, राख थंड. कोणी तरी मागं राहिलं असेल म्हणून हाक मारायला गेले, तर तोंडात नावच नाही. माझ्याजवळ तिचं एकच नाव होतं. तेच मी हाकारलं.

"पार्बताबाई!"

"ओ," पलीकडच्या बांधाच्या धुऱ्यावरून स्वच्छ आवाज आला.

मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले. धुऱ्यावर कोणी नव्हतं. पलीकडे कोरडा नाला, त्यातही कोणी नव्हतं. मी भुताखेताला भिणारी बाई नव्हे. पावसापाण्यात एकटीनं अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्यात मी. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

किसनरावांच्या घरी गेले तर माझ्याआधी संस्थेचा फोन पोचलेला. अर्जावर नंबर त्यांचाच ना. पार्बताबाई मधल्या घरात फोन मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला सगळं खरं सांगितलं, कागद तिचा नाही, दुसरीचा आहे. तिचं लक्ष नव्हतं.

"शकुन, त्या फोनवालीनं मले काय काय इचारलं माहीत हाय? म्हणे, पाळी नसताना लाल जाते ना तुमाले? म्हणे, उठताना अंधारी येते ना? डाव्या मांडीत कळ निघते ना?" तिनं आवाज खाली आणला. "हे तं म्या घरी बी कोनाले नाई सांगतलं. दोन वर्सं झाली. पोरीले नाई, आमच्या यायले नाई. त्या अमरावतीच्या बाईले कोनं सांगतलं?"

"काकू, ते त्या मजूर बाईनं स्वतःचं सांगितलेलं आहे. अर्जात लिहिलेलं वाचलं त्यांनी."

"तिचं कसं? डावी मांडी माह्यी हाय." तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

दुसऱ्याच दिवशी किसनरावांनी तिला अमरावतीला नेलं. त्या लाल शिक्क्यापुढे सगळी दारं उघडली. रांग नाही, उद्या या नाही. त्यांनी नव्यानं तुकडा काढून तपासला तर पार्बताबाईलाही तोच रोग निघाला, पण पहिल्या पायरीवर. पौषात ऑपरेशन झालं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. गावात जो तो मला म्हणायला लागला, शकुननं जीव वाचवला. ते ऐकलं की मी वाट बदलून जायची.

इथं माझा गुन्हा सांगून टाकते. त्याच दिवशी संस्थेला कळवलं असतं की कागद दुसरीचा आहे, तर त्यांनी माणसं लावून तिला शोधली असती. पण खोटा अंगठा मीच घेतलेला. आशाचं काम गेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत मी गप्प बसले आणि एकटीच चोरून त्या टोळीच्या मुकादमाचा पत्ता काढत राहिले. फोन लागे, कोणी उचलत नसे. अशात पौष सरला.

ऑपरेशननंतर पार्बताबाई अकोल्यात जठारपेठेत मुलीकडे होती, रूपालीकडे. माघात मी भेटायला गेले. तब्येत सुधारली होती, पण दुपारी ती एकटी बसायला तयार नसे.

"बारा वाजता येते वं ते," मुलगी स्वयंपाकघरात गेल्यावर तिनं मला सांगितलं. "दारात उभी राह्यते. माह्यंच लुगडं नेसून. म्या म्हटलं, ये, बस. तं आत नाई येत. म्हणते, माह्या कागद दे."

"आई, गोळ्यांनी होतं तसं," रूपाली आतून ओरडली.

त्याच सकाळी मुकादमानं एकदाचा फोन उचलला होता. टोळी पातूरच्या पुढे कापूस वेचायला होती. मी हे सांगितलं मात्र, पार्बताबाई भिंत धरून उठली आणि चपला शोधायला लागली.

"काकू, टाके ओले आहेत. मी देऊन येते ना कागद."

"तुह्याकडून कावून घेईन ते? नाव माह्यं हाय."

रिक्षा करून आम्ही गेलो. दुपारची वेळ, वावराच्या कडेला प्लास्टिकच्या खोपट्या. मुकादमाची बायको भाकरी थापत होती. मी विचारलं, एक अशक्त बाई होती तुमच्यात, रक्त जायचं तिला.

"पार्बताबाई?" ती म्हणाली.

"ओ," माझ्या शेजारून पार्बताबाईच्या तोंडून निघून गेलं.

मुकादमाच्या बायकोनं तिच्याकडे बघितलं. "पार्बताबाई तो गई ना, बाई. चार दिन हो गये. खून रुकाच नहीं. टेंपो में डाल के गाव को ले गये, धारणी के भी आगे." भाकरी उलटत ती सांगत होती. "रोज रस्ता देखती थी. बोलती थी, मेरा नाम पार्बताबाई, मेरा कागज आनेवाला है."

"तिचं खरं नाव काय?" मी विचारलं.

तिला सांगता येईना. बाई यंदाच टोळीत आली होती, बाळंत जावेच्या बदली. मुकादमाच्या वहीतही नाव जावेचंच. तिनं आपलं म्हणून कोणाला एक नाव सांगितलं असेल, तर ते मी दिलेलं. आम्हीही तिला पार्बताच म्हणायचो, असं ती बाई म्हणाली.

मी बांधावर बसले आणि ढसाढसा रडले. पार्बताबाई रडली नाही. तिनं फक्त वार विचारला. मंगळवार, असं कळल्यावर बोटं मोजली. "चार गेले. सा राह्यले," ती म्हणाली. कसले, ते मला तेव्हा समजलं नाही.

ती जठारपेठेत राहिली नाही, त्याच संध्याकाळी गावी आली आणि घरात न जाता ओसरीवर घोंगडी टाकून बसली. चुलीला शिवेना, देवाला शिवेना. तोडणीच्या बायांना पाणीसुद्धा वरून ओतायचं, असलं ते घर. किसनराव आधी भडकले. "कोन लागते ते तुह्यी? जातीची ना पातीची! कोनाचं सुतक धरून राह्यली?" ती घोंगडीवरून हलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते गुपचूप तिच्यापासून हातभर लांब तांब्या ठेवायला लागले. त्या सहा दिवसांत मीही संस्थेला खरं ते लिहून पाठवलं. अजून उत्तर नाही.

दहाव्या दिवशी ती डोक्यावरून न्हाली. मी गेले तेव्हा ओले केस मोकळे सोडून अंगणात बसली होती, आणि आळीतल्या चारपाच बाया कुंपणाशी जमल्या होत्या. त्यांतल्या दोघी तपासणीच्या दिवशी पाहुणे आहेत म्हणून मला दारातूनच परत फिरवणाऱ्या.

"काय वं, माह्यारचं कोनी गेलं का?" एकीनं विचारलं. "कोन वारलं?"

"पार्बताबाई," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. बाया तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. किसनराव आतून आले आणि त्यांनी वाळलेलं लुगडं तिच्या खांद्यावर टाकलं.