वॉशरखालचा रंग

रंगारीकाकांच्या गच्चीवर सौर पॅनेल बसून तीन आठवडे झाले, तरी घर जुन्याच विजेवर चाललं होतं. सुरक्षिततेच्या दाखल्याशिवाय यंत्रणा सुरू करता येत नव्हती, आणि तपासणीच्या बाई एकदाच्या आज येणार होत्या.

“चहा टाक,” काका बायकोला म्हणाले. “खाली बसूनच सही करतील.”

बाई आल्या, चहाला ‘नंतर’ म्हणाल्या आणि थेट जिना चढल्या.

वर पॅनेलखालचा लोखंडी सांगाडा गडद हिरवा चकाकत होता. काका खुलले. “बसवणारे तसाच सोडून गेले होते. गंज धरला असता. मी एकेक बोल्ट काढला, रंगाचे दोन हात मारले, परत आवळला. वॉशरखालीसुद्धा रंग आहे, मॅडम. कुठे एक ठिपका सुटलेला दाखवा.”

“नाही सुटलेला,” बाई म्हणाल्या. “तीच अडचण आहे.”

त्यांनी मीटरच्या टोकदार सुईने सांगाड्यावरचा रंग जरासा खरवडून ती तिथे टेकवली. दुसरी सुई जमिनीत जाणाऱ्या अर्थिंगच्या तारेला लावली. मीटर वाजायला हवा होता. तो गप्प राहिला.

“रंगातून वीज जात नाही. तार बोल्टला आहे, पण तार आणि लोखंड यांच्यामध्ये तुमचे दोन हात आहेत. दाखला नाही देता येणार.”

“एवढ्याशा रंगासाठी?” काकांचा आवाज चढला. “खालचं बटण तर बंदच आहे!”

“ऊन पडलं की पॅनेलमध्ये वीज तयार होतेच. बटण बंद असलं तरी.”

इतक्यात काकांच्या आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आल्या. रोजच्यासारख्या वाळत घालण्याच्या तारेकडे निघाल्या. तारेचं एक टोक भिंतीच्या खिळ्याला होतं, दुसरं सांगाड्याच्या पायाला.

“आजी, जरा थांबता?” बाईंनी हळूच त्यांच्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली. मग काकांकडे वळल्या. “एखादी केबल सोलवटली, सांगाड्यात वीज उतरली, तर ती अर्थिंगमधून निघून जायला हवी. तुम्ही ती वाट बुजवलीत. मग ती कुठे थांबेल?”

काकांनी कपड्यांची तार पाहिली. आईचे हात पाहिले, पाण्याने सुरकुतलेले.

आईच म्हणाल्या, “लहानपणी दुधाची बाटलीपण रंगवली होती यानं. आतून.”

बाई हसल्या. काकाही हसले, पण खाली वाकून आधी ती तार सोडवली आणि पॉलिश पेपर आणायला धावले. आयुष्यभर रंग चढवणारा माणूस तासभर उकिडवा बसून रंग उतरवत होता. बाईंनी दाखवलेल्या प्रत्येक जोडाखाली पांढरं, स्वच्छ लोखंड उघडं पडलं. बोल्ट आवळले आणि बाईंनी सुया लावल्या.

मीटर खणखणीत वाजला.

“आता वरून खुशाल रंगवा,” बाई म्हणाल्या. “आधी जोड, मग रंग.”

खाली चहा झाला, दाखल्यावर सही झाली. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पण नजर खिडकीबाहेर होती.

“मॅडम, अजून एक घर बघाल? समोरच्या मास्तरांची गच्ची. त्यांचा सांगाडाही मीच रंगवलाय. फुकट, प्रेमाने.”

“त्यांनी तपासणीला बोलावलंय?”

“ते म्हणतात, दाखला म्हणजे उगाच कटकट. कालपर्यंत मीही म्हणत होतो. मी समजावतो त्यांना, आणि पॉलिश पेपर माझा मी घेऊन येतो.”

आपण घरासाठी जे करतो ते प्रेमानेच करतो, आणि म्हणूनच त्यातली चूक आपल्याला दिसत नाही. तपासणीचा कागद कचेरीच्या फायलीसाठी नसतो, वाचकहो. तो ओल्या हातांनी गच्चीवर जाणाऱ्या आपल्या माणसासाठी असतो.

आजींची तार आता दोन भिंतींमध्ये बांधलेली आहे. तिचे खिळे काकांनी रंगवलेत. तिथे चालतं ना, हे बाईंना विचारून.